पाऊलखुणांचा अर्थ : ‘स्मिला’ कादंबरीतील अपघातविषयक वाद

एखाद्या मृत्यूला ‘अपघात’ म्हणणे हे वरवर पाहता वस्तुस्थितीचे साधे कथन वाटते. वस्तुतः तो एक निर्णय असतो. आणि प्रत्येक निर्णयाप्रमाणे त्यालाही कोणी कर्ता, काही आधार आणि पुष्कळदा कोणाची तरी सोय असते. पेटर हॉय (जन्म १९५७) या डॅनिश लेखकाची १९९२ साली प्रसिद्ध झालेली, स्मिला या नायिकेच्या नावाने जगभर ओळखली जाणारी कादंबरी या जाणिवेतून निर्माण झाली आहे. रहस्यकथा म्हणून ती अमाप वाचली गेली व १९९७ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. तथापि तिच्यातील रहस्यापेक्षा तिच्यातील वाद अधिक महत्त्वाचा आहे. एका बालकाच्या मृत्यूचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद होय.

कथेचा आरंभ कोपनहेगनमधील गोठवणाऱ्या डिसेंबरात होतो. इसाया हा ग्रीनलंडच्या इनुइट समाजातील लहान मुलगा एका गोदामाच्या छपरावरून पडून मरण पावला आहे. छपरावरील हिमात केवळ त्याच्याच पाऊलखुणा आहेत. म्हणून खेळता खेळता तो कडेवरून घसरला, असा निष्कर्ष अधिकारी काढतात. त्याच इमारतीत राहणारी स्मिला यास्पर्सन हा निष्कर्ष नाकारते. तिची आई ग्रीनलंडमधील शिकारी स्त्री, वडील डॅनिश डॉक्टर. हिम आणि बर्फ यांच्या शास्त्रात तिची गती आहे, परंतु गुन्ह्याच्या तपासात तिला कोणताही अधिकार नाही. ती मृताची नातलगही नव्हे. एकाकी मुलाला युक्लिडची भूमिती वाचून दाखविणारी शेजारीण, एवढाच तिचा संबंध.

या वादाचे तर्कशास्त्रीय स्वरूप न्यायदर्शनाच्या परिभाषेत नेमके मांडता येते. दोन्ही पक्षांपुढे लिंग एकच आहे : हिमातील पाऊलखुणा. भेद आहे तो व्याप्तीविषयी. ‘जेथे दुसऱ्या कोणाच्या खुणा नाहीत, तेथे दुसऱ्या कोणाचा हात नाही’ ही अधिकाऱ्यांनी गृहीत धरलेली व्याप्ती. स्मिला तिच्यातील दोष दाखविते. खेळणाऱ्या मुलाचा माग वळणावळणाचा असतो. येथे तो सरळ कडेकडे गेलेला आहे. इसायाला उंचीचे भय होते, हे तिला ठाऊक आहे. उंचीला भिणारा मुलगा सरळ कडेकडे धावतो, तेव्हा कडेपेक्षा मोठे भय त्याच्या पाठीशी असले पाहिजे. अधिकाऱ्यांचा हेतू अशा रीतीने सोपाधिक ठरतो. अन्य खुणांचा अभाव एवढेच सिद्ध करतो की, मुलाला कोणी हाताने ढकललेले नाही. त्याला कोणी पळावयास लावलेले नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. हत्येला स्पर्शाची आवश्यकता नसते, हे या कादंबरीतील सर्वांत भेदक विधान आहे आणि ते कोठेही उच्चारलेले नाही. ते खुणांच्या वाचनातून उलगडते.

मूळ डॅनिश शीर्षकात नायिकेच्या हिमविषयक ‘जाणिवे’चा उल्लेख आहे; ज्ञानाचा नाही. हा शब्द काहीसा फसवा आहे. त्यामुळे स्मिलाचे सामर्थ्य आईच्या रक्तातून आलेल्या गूढ प्रेरणेत आहे, असा समज होण्याचा संभव असतो. आणि लेखकही काही ठिकाणी या समजास खतपाणी घालतो. ‘निसर्गपुत्री’ची ही प्रतिमा युरोपीय वाङ्मयात नवी नाही, आणि ज्यांच्याविषयी ती निर्माण झाली त्यांना ती फारशी सन्मान देणारीही नाही. सुदैवाने कथेतील प्रत्यक्ष युक्तिवाद या प्रतिमेपेक्षा प्रौढ आहे. स्मिला जे सांगते, ते इतरांस तपासून पाहता येण्यासारखे आहे. ते कोणी तपासत नाही, इतकेच. तिचे म्हणणे ‘जाणीव’ म्हणून बाजूस सारता येते, कारण ते मांडणाऱ्या व्यक्तीस ज्ञाता म्हणून मान्यताच नाही. अधिकाऱ्याचा तर्क दुबळा असूनही निर्णय ठरतो. अनधिकारी स्त्रीचा तर्क सबळ असूनही भावना ठरतो.

हा प्रश्न केवळ तार्किक राहत नाही, याचे कारण कथेची ऐतिहासिक पार्श्वभूमी. ग्रीनलंड १९५३ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होते. १९७९ मध्ये त्यास गृहराज्य व २००९ मध्ये अधिक विस्तृत स्वशासन मिळाले. १९५१ साली बावीस इनुइट मुलांना डॅनिश वळण लावण्याच्या हेतूने घरच्या माणसांपासून तोडून डेन्मार्कला नेण्यात आले. त्याबद्दल डॅनिश शासनाने क्षमा मागितली ती २०२० साली. इसाया हा या इतिहासाचा कल्पित वारस आहे. त्याची आई मद्याच्या आहारी गेलेली आहे, वडील एका मोहिमेत मृत्यू पावलेले आहेत. अशा मुलाविषयी ‘कोणाचे लक्ष नव्हते, पडला’ हे स्पष्टीकरण आधीच तयार असते. पाऊलखुणा त्याला नंतर जोडल्या जातात. अधिकाऱ्यांच्या व्याप्तीत दडलेली खरी उपाधी हा पूर्वग्रहच होय. कादंबरीचा पहिला भाग ही गोष्ट आक्रोश न करता, कार्यालये, अहवाल व शिष्टाचाराची संभाषणे यांतून दाखवितो, हे त्याचे मोठे यश आहे.

परंतु हे यश लेखकाला अखेरपर्यंत टिकविता आलेले नाही. कादंबरीचे ‘नगर’, ‘समुद्र’ आणि ‘बर्फ’ असे तीन भाग आहेत. नगर मागे पडून कथा जहाजावर जाते, तसा तिचा विषयही बदलतो. ग्रीनलंडमधील क्रायोलाइट या खनिजाशी संबंधित कंपनी, गुप्त मोहिमा, उल्कापाषाण आणि घातक परजीवी यांची गुंतागुंतीची कथा सुरू होते. ॲल्युमिनियमच्या निर्मितीत उपयोगी पडणारे हे खनिज ग्रीनलंडमधील इविटूट येथे १९८७ पर्यंत काढले जात होते. तेव्हा त्या भूमीच्या शोषणाचे प्रतीक म्हणून त्याची निवड यथार्थ आहे. दोष आहे तो अन्यत्र. मृत्यूमागे एक योजना आणि योजनेमागे एक खलपुरुष सापडताच पहिल्या भागातील प्रश्न हलका होतो. अधिकाऱ्यांची घाई ही सामान्य, रोजची, सद्‌भावनेने केलेली चूक होती, तोपर्यंत ती वाचकालाही स्पर्श करीत होती. ती कारस्थानाचे अंग ठरली की, वाचक दोषमुक्त होतो. असा मुलगा खलपुरुषावाचूनही अपघातग्रस्त म्हणून नोंदविला गेला असता, हे भयंकर सत्य उल्कापाषाणाच्या तेजात दिसेनासे होते.

स्मिलाचा पक्ष सिद्ध करण्यासाठी एवढ्या मोठ्या कारस्थानाची आवश्यकता होती काय? संशय घेणाऱ्या सामान्य माणसाचे समर्थन त्याचा संशय खरा ठरण्यावर अवलंबून ठेवणे, ही रहस्यकथेची रूढीच आहे. स्मिलाचा अधिकार तिच्या निष्कर्षाच्या यशातून नव्हे, तर खुणा पुन्हा पाहण्याच्या आग्रहातून सिद्ध होतो. उद्या इसाया खरोखरच घसरून पडला असे दिसून आले असते, तरी तो आग्रह योग्यच ठरला असता. उलट, निव्वळ आग्रह म्हणजे प्रमाण नव्हे, हेही ध्यानी घेतले पाहिजे. कादंबरी स्मिलाच्याच मुखाने सांगितलेली असल्यामुळे छपरावरील खुणा वाचक तिच्या डोळ्यांनीच पाहतो. दुसरी साक्ष त्याच्यापाशी नाही. या मर्यादेची जाणीव लेखकाने अधिक जागती ठेवली असती, तर पुढील कारस्थानाचा आधार त्याला कदाचित लागलाच नसता.

कादंबरीचा शेवट मात्र विचारपूर्वक अपूर्ण ठेवलेला आहे. अपराध्याचा पाठलाग बर्फावर चालू असतानाच कथन थांबते. शिक्षा, कबुलीचा दस्तऐवज, न्यायालय यांपैकी काहीही येत नाही. या शेवटाविषयी अनेक वाचकांची तक्रार असते; परंतु दुसऱ्या व तिसऱ्या भागांत दुरावलेला मूळ विषय येथे काही अंशी परत मिळतो. खलपुरुषाच्या नाशाने इसायाच्या मृत्यूचा हिशेब पुरा झाल्याचे समाधान लेखक नाकारतो, आणि ते नाकारणे उचित आहे. पहिल्या दिवशी छपरावर जे पाहावयास हवे होते ते पाहिले गेले नाही, आणि हिम तर वितळून जाणारे. त्या पाऊलखुणांचा एकदा तरी नीट अर्थ लावला जावा, एवढेच त्या मुलाचे मागणे उरते. आणि ज्या अंशाने ही कादंबरी ते पुरविते, त्या अंशानेच ती रहस्यकथेच्या वर उठते.