‘पात द व्हेर’ : एका नांवाचें परीक्षण

पॅरिसच्या वेषगृहांसाठीं घडविलेल्या कृत्रिम अलंकारांच्या याद्या चाळतां ‘पात द व्हेर’ हें नांव पदोपदीं आढळतें. ग्रिप्वा या कारखान्यानें शनेल, दिओर इत्यादि गृहांसाठीं केलेल्या कांचेच्या फुलापानांस तें सर्रास लावतात. हें नामकरण ग्राह्य कीं त्याज्य, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

या नांवाचा शब्दशः अर्थ ‘कांचेचें पिष्ट’. कांचेची पूड कालवून साच्यांत भरावयाची, साच्यासकट भट्टींत भाजून तिचे कण सांधावयाचे व मग सावकाश निववावयाची, अशी ही क्रिया. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आंरी क्रो यानें तिचें पुनरुज्जीवन केलें. पुढें आर्जी-रूसो यानें तिच्यापासून पदकेंहि केलीं. १८६९ मध्यें स्थापन झालेल्या ग्रिप्वाची रीति अगदीं निराळी. तींत कांच ज्योतीवर वितळवून तिचा रस थेट धातूच्या घरांत उतरवितात. आपल्याकडील मिना यास जवळचा वाटेल. परंतु मिन्यास पाठीशीं धातूचा पत्रा असतो, येथें बहुधा तो नसतो, म्हणून उजेड आरपार जातो. लालीकचीं साच्यांत दाबून काढलेलीं पदकें हा तिसराच प्रकार.

भेद वस्तूच सांगते. पिष्टाची कांच दाणेदार व धूसर दिसते. दाबीव कांचेवर साच्याची शिवण सांपडूं शकते. ओतीव कांच धातूच्या कडेस बिलगलेली, किंचित् फुगीर व अनेकदां बुडबुडे असलेली असते.

योगार्थाहून रूढार्थ बलवान्, हा आक्षेप येईल. पण तेंच नांव मूळ क्रियेसहि आजतागायत चालू असल्यानें ही रूढि अर्थ ठरवीत नाहीं, संदेह मात्र उत्पन्न करते. शनेलचे दुसऱ्या महायुद्धापूर्वींचे बहुतेक दागिने निर्नाम आहेत. आणि १९५० नंतरच्या दशकांत रोबेर गूसांस हाहि त्या गृहासाठीं काम करूं लागला. अर्थात् गृहाचें नांव कळल्यानें कारागीर कळत नाहीं. पुष्पिकेंत यजमानाचें नांव असून लेखकाचें नसेल, तर अक्षराचें वळण हाच साक्षी. येथें तें वळण म्हणजे घडणीची क्रिया. बुडबुडे व उंचसखलपणा यांस दोष समजून जो अशी वस्तु टाकून देतो, तो कारागिराची स्वाक्षरीच पुसतो.

यास्तव ग्रिप्वाच्या कामास ‘ओतीव कांच’ म्हणावें, आणि संग्राहकानें आधीं क्रिया नोंदवून मगच गृहाचें नांव लिहावें, हें युक्त.