‘कोसला’तला हिशेब

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. वर्गात तिच्यावर बोलताना सार्त्र, काम्यू यांच्याशिवाय आमचं पान हलत नसे. पांडुरंग सांगवीकर म्हणजे परात्मतेचं उदाहरण, एवढं सांगून आम्ही मोकळे व्हायचो. आज वाटतं, आम्ही अर्धीच कादंबरी शिकवली. उरलेली अर्धी हिशेबाची आहे.

खानदेशातल्या सांगवीचा हा मुलगा बापाच्या पैशावर पुण्यात शिकतो. वसतिगृहात पुढारपण करतो, पैसा उधळतो, नापास होतो, शेवटी गावी परततो. पंचविशीतच तो आयुष्याचा ताळेबंद मांडायला बसतो. वडिलांशी त्याचं भांडण मूल्यांचं, असं आम्ही म्हणायचो. ते पैशाचंही आहे. न कमावत्या मुलाचं घरात किती चालतं, हा तो प्रश्न.

आता आपल्या मुदखेड जंक्शनवर या. इथूनही पोरं पुण्याला जातात, स्पर्धा परीक्षेसाठी. पांडुरंग पंचविशीत हिशेब मांडतो. यातल्या कित्येकांचा तेव्हा कुठं श्रीगणेशा होतो. राज्यसेवेची वयोमर्यादा २०१६ साली खुल्या प्रवर्गाला ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांना ती ४३ आहे. सवलत म्हणून ठीकच. पण तोवर पोरगं ‘तयारी करतंय’, एवढीच त्याची ओळख. लग्न थांबतं, घरून पैसे येत राहतात. यांना कष्ट नकोत, असं आमच्या वयाची माणसं म्हणतात. अहो, दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत बसणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं?

इथंच कादंबरीवर आमचा आक्षेप आहे. पांडुरंगाची हार झेलायला घरची शेती आहे, गावात बापाचं वजन आहे. कादंबरी हे गृहीत धरते. दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या घरच्या पोरानं परतायचं कशावर? त्यात गाव विचारणार, ‘पोस्ट निघाली का?’ म्हणून तो आणखी एक अटेम्प्ट देतो. परतण्यापेक्षा ते सोपं वाटतं.

तरीही पांडुरंगाकडून घेण्यासारखं एक आहे. आपण हरलो, बापाचा पैसा घालवला, हे तो लपवत नाही. जाणतं होणं आम्ही त्यालाच म्हणू. पण असा कबुलीजबाब ऐकून घेणारं घरही लागतं. पोरगं रिकाम्या हातानं मुदखेडला उतरलं, तर निकालाचं मागाहून विचारा. आधी ‘जेवलास का’ विचारा.