ग्रह पळाला कोणामुळे?

तीन वर्षांपूर्वी एका तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनाला मी परीक्षक म्हणून गेले होते. संगणक विभागात अकरा प्रकल्प होते आणि सगळेच्या सगळे 'स्क्रॅच' वापरून केलेले खेळ होते. त्यांपैकी नऊ खेळ जवळजवळ एकच होते. वरून सफरचंदे पडतात, खाली टोपली असते, बाणांच्या कळा दाबून टोपली सरकवायची आणि सफरचंद टोपलीत पडले की एक गुण. एका ठिकाणी सफरचंदांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि टोपलीऐवजी कचरापेटी होती, म्हणून तो खेळ 'पर्यावरण' या विषयात मोडत होता. दहावी होती एक प्रश्नमंजूषा.

अकरावा खेळ नववीतल्या एका मुलीचा होता. पडद्याच्या मध्यभागी सूर्य, कडेला एक ग्रह. ग्रहाला योग्य दिशेने, योग्य वेगाने ढकलून सूर्याभोवती फिरत ठेवायचे, असे तिने तक्त्यावर लिहिले होते. प्रत्यक्षात ढकलण्याची सोयच खेळात नव्हती. ग्रह एका आखलेल्या वर्तुळावर गुमान फिरत होता. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आधी गुरुत्वाकर्षण घातलं होतं. पण ग्रह राहतच नाही, पळून जातो. मग काढून टाकलं." तिचे शिक्षक शेजारीच होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "सॉफ्टवेअरची मर्यादा आहे, मॅडम. फुकटचं आहे ना."

मला ते पटले. ज्या खेळात खेळण्यासारखे काही उरलेले नाही त्याला गुण तरी कसे द्यायचे, असे आम्ही तिघा परीक्षकांनी ठरवले आणि कचरापेटीला पहिला क्रमांक दिला. त्या निकालपत्रावर माझीही सही आहे.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. गुरुत्वाकर्षणाचा नियम म्हणजे एक भागाकार आणि दोन बेरजा. तो जमू नये इतके स्क्रॅच खरोखर तोकडे आहे काय? संगणक उघडून मी तोच खेळ मांडला आणि माझाही ग्रह पळून गेला.

ज्यांनी स्क्रॅच पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने ते तयार केले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. आठ ते सोळा वर्षांची मुले डोळ्यांसमोर ठेवून ते बनवले आहे. आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की आज्ञावली तयार होते. पडदा ४८० ठिपके रुंद आणि ३६० ठिपके उंच, मध्यबिंदू शून्य, शून्य. म्हणजे निर्देशक भूमितीचा आलेखकागदच. हलणाऱ्या प्रत्येक चित्राला 'स्प्राइट' म्हणतात. आपण त्याला पात्र म्हणू. साधारणपणे सेकंदाला तीस टप्प्यांनी सारे पुढे सरकते. (गणिताच्या शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावे. इथे दिशेचे शून्य अंश वरच्या बाजूला असतात आणि कोन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. वर्गात शिकवलेल्या कोनाशी ते जुळत नाही आणि मुले हमखास गोंधळतात.)

आता त्या पळणाऱ्या ग्रहाकडे वळू. समजा, ग्रह सूर्यापासून १०० एकके उजवीकडे आहे आणि दर टप्प्याला ५ एकके या वेगाने सरळ वर निघाला आहे. त्या अंतरावर सूर्याच्या ओढीमुळे होणारे त्वरण ०.२५ धरू. वेगाचा वर्ग भागिले अंतर, म्हणजे २५ भागिले १००, बरोबर ०.२५ येते. अर्थात कक्षा वर्तुळाकार असायला हवी. त्या मुलीने, आणि मीही, ठोकळे असे लावले होते: सूर्याची ओढ मोजून ठेवा, मग आधी ग्रहाला वेगाइतके सरकवा, मग त्या मोजलेल्या ओढीने वेग बदला. पहिल्या टप्प्यानंतर ग्रह १०० उजवीकडे आणि ५ वर पोचतो. पायथागोरसच्या प्रमेयाने सूर्यापासूनचे अंतर झाले १००.१२५. वेगाला डावीकडे ०.२५ ची जोड मिळाली आणि तो झाला ५.००६. अंतरही वाढले, वेगही वाढला! दूर जाणाऱ्या ग्रहाचा वेग कमी व्हायला हवा. इथे आज्ञावली दर टप्प्याला ग्रहाच्या पदरात थोडी फुकटची ऊर्जा टाकते. एका फेरीला सुमारे १२६ टप्पे लागतात. थेंबे थेंबे तळे साचते आणि ग्रह सर्पिलाकार वाटेने निघून जातो.

उपाय इतका सोपा आहे की सांगताना संकोच वाटतो. दोन ठोकळ्यांची अदलाबदल करायची. आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने ग्रह सरकवा. आता पहिल्या टप्प्यानंतर अंतर येते ९९.८७५. चूक इथेही आहे, पण ती साठत जात नाही. कक्षा किंचित लंबगोल होते आणि ग्रह फेरी पुरी करून जवळजवळ त्याच जागी परत येतो. रिचर्ड फाइनमन यांच्या भौतिकशास्त्रावरील व्याख्यानांच्या पहिल्या खंडात (१९६३) ग्रहाची कक्षा हातानेच, कोष्टक मांडून काढली आहे. तिथेही हीच काळजी घेतली आहे: वेग घ्यायचा तो टप्प्याच्या मधला. उच्च माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात तो खंड असेल तर अवश्य पाहावा.

म्हणजे ग्रह पळाला तो सॉफ्टवेअरच्या मर्यादेमुळे नव्हे. बीजगणितात बेरजांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे शिकलेल्या मुलीसमोर क्रम बदलला की विश्व बदलते, असे एक उदाहरण आपण होऊन येऊन उभे राहिले होते. आणि आम्ही मोठ्यांनी 'मर्यादा' हा शब्द वापरून ते झाकून टाकले. मी तिच्या शिक्षकांना दुरुस्त आज्ञावली पाठवली, सोबत क्षमाही मागितली.

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून तिचा निरोप आला. ग्रह आता फिरतो. म्हणून तिने एक धूमकेतू घातला. पण तो पडद्याच्या कडेला जाऊन चिकटतो आणि तिथेच घुटमळत राहतो. यावेळी मी घाईने मत दिले नाही. तपासून पाहिले आणि हा दोष मात्र खरोखर स्क्रॅचचा निघाला. पात्राचा थोडा तरी भाग पडद्यावर दिसलाच पाहिजे, असा स्क्रॅचमध्ये एक अंगभूत नियम आहे. लहान मुलांचे मांजर पडद्याबाहेर जाऊन हरवू नये हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला, पण हा नियम कुठल्याही ठोकळ्यावर लिहिलेला नाही आणि तो बदलण्याचा ठोकळाही नाही. धूमकेतूला ३०० वर जा म्हटले की तो कडेपाशी थांबतो, आणि कुठे आहेस असे विचारले की कडेचाच आकडा सांगतो. पृथ्वीची कक्षा १०० ठिपक्यांची धरली, तर हॅलेच्या धूमकेतूचे सूर्यापासूनचे सर्वांत दूरचे टोक ३५०० ठिपक्यांवर येते. पडदा मध्यापासून २४० ठिपक्यांवर संपतो. सूर्यमालेला कुंपण घालणारे हे सॉफ्टवेअर त्याविषयी मुलाला चकार शब्द सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

यातून वाट निघते. ग्रहाचे स्थान पात्राकडून विचारून घ्यायचेच नाही. आपल्या चलांमध्ये खरे स्थान वेगळे सांभाळायचे आणि पात्राला फक्त चित्र दाखवण्यापुरते वापरायचे. कडेपलीकडे गेले की लपवायचे. ही कल्पना फार मोलाची आहे. पडद्यावर दिसते ते चित्र, खरे विश्व त्या आकड्यांत. हवामानाचे अंदाज करणारेही असेच काम करतात. पण नववीतल्या मुलीला ती अदृश्य भिंतीवर डोके आपटून का सापडावी? आणि किती मुले तोवर टिकतील?

भिंतीची दुसरी जात पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ. १९६२ मध्ये त्याच एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. मध्ये तारा, त्याच्या ओढीत फिरणारी दोन याने. आपल्या या मुलीच्या खेळाचा तो पणजोबाच. त्या यंत्राची ताकद इतकी अपुरी होती की यानांना गुरुत्वाकर्षण लावल्यावर त्यांनी सोडलेल्या क्षेपणास्त्रांना ते लावण्याइतका वेळ उरत नसे. म्हणून क्षेपणास्त्रे सरळ रेषेत जात. ही मर्यादा स्क्रॅचपेक्षा कितीतरी कडक होती. पण ती करणाऱ्यांना दिसत होती, आणि तडजोड कुठे करायची ते त्यांनी स्वतः ठरवले. कुंपण किती जवळ आहे यापेक्षा ते दिसते की नाही, आणि हलवता येते की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

रेस्निक यांच्या लेखनात एक उपमा वारंवार येते: मुलांच्या साधनाची जमीन खाली असावी, छत उंच असावे आणि भिंती रुंद असाव्यात. पहिल्या दोन गोष्टी त्यांचे गुरू सेमूर पॅपर्ट यांच्याकडून आलेल्या. जमिनीबद्दल वादच नाही. पहिल्या दहा मिनिटांत चौथीतले मूल काहीतरी हलवून दाखवते, हे मी पाहिले आहे. छताबद्दल मात्र बोलायला हवे, कारण त्या मुलीची तिसरी अडचण तिथली होती.

तिला चार ग्रह हवे होते आणि ते एकमेकांनाही ओढायला हवे होते. सूर्य धरून पाच वस्तू, म्हणजे दहा जोड्या. प्रत्येक जोडीचे अंतर दर टप्प्याला काढायचे. अंतराचे सूत्र एकदा लिहून त्याला नाव द्यावे आणि हवे तिथे वापरावे, हे कोणालाही सुचेल. स्क्रॅचमध्ये स्वतःचा ठोकळा बनवता येतो. ती सोय २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पण आपण बनवलेला ठोकळा काम करतो, उत्तर परत देत नाही. २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतही तेच. उत्तर एखाद्या सार्वजनिक चलात टाकून ठेवायचे आणि दुसऱ्या कोणी ते पुसण्याआधी उचलायचे, एवढेच हाती उरते. दुसऱ्या पात्रापर्यंतचे अंतर सांगणारा एक तयार ठोकळा आहे, पण तो पडद्यावरचे अंतर सांगतो. धूमकेतू कुंपणाबाहेर असला की तो निरुपयोगी.

गणिताच्या भाषेत सांगायचे तर फलन लिहिता येते, पण ते दुसऱ्या समीकरणात ठेवता येत नाही. ही गैरसोय मुलांच्या वयाकडे पाहून ठेवली आहे, असे म्हणावे तर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठीच रचलेल्या 'लोगो' या भाषेत मुलाने लिहिलेली आज्ञा उत्तर परत देऊ शकत असे. जे आजोबांना येत होते ते नातवाला येत नाही. ही उणीव जाणवलेल्या येन्स म्योनिश आणि बर्कले विद्यापीठाचे ब्रायन हार्वे यांनी स्क्रॅचवरूनच वेगळी प्रणाली काढली. तिचे आजचे नाव 'स्नॅप'. दिसायला अगदी तशीच, तेच रंगीत ठोकळे, तीही मोफत. स्वतःचा ठोकळा तिथे उत्तर देतो. म्हणजे ठोकळ्यांच्या पद्धतीत हे बसत नाही, असेही म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते, तिच्यासाठी मात्र फक्त स्क्रॅचला दोष देता येणार नाही. मुलांच्या हाती पहिला येणारा ठोकळा म्हणजे 'दहा पावले चला'. कळ दाबली की पात्र सरकते, सोडली की थांबते. ढकलले तरच वस्तू चालते, हे ॲरिस्टॉटलचे जग. न्यूटनचा पहिला नियम त्यात नाही. पॅपर्ट यांना ही खोच ठाऊक होती. 'माइंडस्टॉर्म्स' या १९८० च्या पुस्तकात त्यांनी न्यूटनच्या नियमांनी चालणाऱ्या कासवाची कल्पना मांडली आहे: कासवाला आज्ञा द्यायची ती जागा बदलण्याची नव्हे, वेग बदलण्याची. स्क्रॅचमध्ये वेगासाठी दोन चले बनवली की हे कासव पाच मिनिटांत तयार होते. वर्गात ते कोणी करून दाखवत नाही, आणि मग नऊ टोपल्या प्रदर्शनात येतात. टोपलीतली सफरचंदेही एकाच वेगाने पडतात; गॅलिलिओलासुद्धा रजा दिलेली असते. यात स्क्रॅचची मर्यादा काडीमात्र नाही.

याउलट युनिटीसारख्या व्यावसायिक प्रणालीत गुरुत्वाकर्षण तयारच मिळते, ९.८१ हा आकडा भरलेला असतो. सफरचंद झकास पडते आणि का पडले हे विचारायची वेळच येत नाही. स्क्रॅचमध्ये गुरुत्वाकर्षण नाही, ही उणीव मला फार आवडते. भरून काढण्यासाठीच ती ठेवलेली असावी, इतकी ती नेमकी आहे.

म्हणून पुढच्या प्रदर्शनात एखादा विद्यार्थी 'सॉफ्टवेअरमध्ये होत नाही' म्हणाला, तर कृपया त्याला आधी दोन टप्प्यांचे आकडे कागदावर काढायला सांगा. कागदावरही ग्रह पळत असेल तर चूक आपली. कागदावर फिरतो आणि पडद्यावर अडतो असे झाले, तर त्याची तक्रार खरी आहे आणि ती गुणपत्रिकेत त्याच्या बाजूने नोंदवावी.

ती मुलगी आता बारावीत आहे. खेळ तिने स्नॅपमध्ये पुन्हा मांडला. चार ग्रह एकमेकांना ओढतात, धूमकेतू बाहेर जाऊन परत येतो. गुण कसे द्यायचे यावरून तिचे आणि तिच्या धाकट्या भावाचे अजून जमत नाही. तो म्हणतो, ग्रह जितक्या फेऱ्या टिकेल तितके गुण. ती म्हणते, धक्का जितका लहान तितके गुण जास्त.