‘फ्री’ म्हणजे मोफत की मुक्त?

मराठी विकिपीडिया स्वतःला ‘मुक्त ज्ञानकोश’ म्हणवतो. जपानी विकिपीडिया स्वतःला ‘फुरी ह्याक्का जितेन’ म्हणवतो. त्यातला ‘फुरी’ म्हणजे इंग्रजी ‘फ्री’च, फक्त जपानी लिपीत. मला दोघांत मराठी अनुवाद धीट वाटतो. पण त्या धिटाईत एक खोटही आहे.

‘फ्री’चे निदान दोन अर्थ आहेत: पैसे न लागणारं आणि बंधन नसलेलं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. ‘फ्री सॉफ्टवेअर’मधला ‘फ्री’ दुसऱ्या अर्थाचा, हे ते आजवर सांगत आले आहेत. जपानीत दोन्हींसाठी वेगळे शब्द आहेत: फुकटसाठी ‘मुर्यो’, स्वातंत्र्यासाठी ‘जियू’. जॉन स्टुअर्ट मिलच्या ‘ऑन लिबर्टी’चा नाकामुरा मासानाओ यांनी १८७२ मध्ये जपानी अनुवाद केला, त्याच्या शीर्षकातही ‘जियू’च आहे. तरी जपानी विकिपीडियाने ‘फुरी’ ठेवला. दोन्ही अर्थ शाबूत राहिले, निवड वाचकावर सोडली.

मराठीने निवड केली. मी राहतो त्या तळोज्यात बिल्डरच्या फलकावर ‘फ्री’ म्हणजे फुकट, बस्स. ज्ञानकोशालाही तोच शब्द लावला असता, तर हे लेख सुधारायची, वाटायची मुभा आपल्याला आहे, हे कुणाच्या मनातही आलं नसतं. ‘मुक्त’ वाचून माणूस निदान थबकतो: कशापासून मुक्त?

खोट इथेच आहे. ‘कर्जमुक्त’, ‘प्लास्टिकमुक्त’ यांतला ‘मुक्त’ म्हणजे कशातून तरी सुटलेला. काय करता येईल, हे तो सांगत नाही. शिवाय ‘ओपन’लाही आपण ‘मुक्त’च म्हणतो. नाशिकचं १९८९ सालचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ बघा. ‘फ्री’चा गोंधळ टाळायला १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आलं. त्यात स्वातंत्र्याचा मुद्दाच हरवतो, म्हणून स्टॉलमन यांनी ते नाकारलं. हा वाद मराठीत मांडायला गेलं की दोन्ही बाजू ‘मुक्त’! भांडणच दिसेनासं होतं.

म्हणून अ‍ॅपच्या मराठी मजकुरात माझा आग्रह एका शब्दापेक्षा क्रियापदांचा आहे. ‘पैसे लागणार नाहीत’ असं लिहा किंवा ‘कोड वाचा, बदला, वाटा’ असं लिहा. बटणावर जागा कमी असते, हे मला रोजच्या कामामुळे ठाऊक आहे. पण पैसे न मोजता घेतलेल्या अ‍ॅपला आपण कॉन्टॅक्ट, लोकेशन, फोटो असं काय काय देऊन बसतो, हा प्रश्न नुसतं ‘फ्री’ वाचून कुणालाच पडत नाही.