सुंदर पुस्तकांची वर्गणी

पुस्तकाचें बाह्य सौंदर्य हें वाचनाचें अंग कीं कपाटाची शोभा, हा वाद जुना आहे. न्यूयॉर्कच्या लिमिटेड एडिशन्स क्लबचीं आरंभींचीं वर्षें पाहिलीं म्हणजे या वादाच्या दोन्ही बाजू एकाच संस्थेंत नांदतांना दिसतात.

जॉर्ज मेसी या तरुण प्रकाशकानें १९२९ सालीं हा क्लब काढला. योजना सरळ होती : सभासद १,५००, दरमहा एक पुस्तक, पुस्तकास १० डॉलर, म्हणजे वर्षाची वर्गणी १२० डॉलर. प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि बहुधा चित्रकाराची किंवा रचनाकाराची सही. पहिलें पुस्तक स्विफ्टचें 'गलिव्हर'. तें ऑक्टोबरांत निघालें आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वॉल स्ट्रीटचा बाजार कोसळला. तरीहि क्लब टिकला. याचें श्रेय आम्ही रसिकतेइतकेंच हिशेबालाहि देतों. गिऱ्हाइकें आधींच ठरलेलीं असल्यावर कागद, शाई व बांधणी यांवर प्रकाशकाला निर्धास्तपणें खर्च करतां येतो.

विल्यम मॉरिसनें १८९१ सालीं इंग्लंडांत केल्म्स्कॉट छापखाना काढला, तेव्हां त्याच्या प्रत्येक पानावर एकाच माणसाची अभिरुचि उमटत असे. त्याच्या सुप्रसिद्ध चॉसरच्या कागदी प्रती अवघ्या ४२५. मेसीची रीत याच्या उलट. त्यानें निरनिराळ्या पुस्तकांसाठीं निरनिराळे रचनाकार व मुद्रक निवडले; 'रिप व्हॅन विंकल' गाउडीसारख्या अक्षरकाराकडे सोंपविलें. यामुळें संचांत एकरूपता उरली नाहीं, असा आक्षेप घेतां येईल. आम्हांला मात्र हा गुणच वाटतो. स्विफ्ट आणि व्हिटमन यांनीं एकच अंगरखा कां घालावा ?

खरा दोष निराळा आहे. १९३४ सालच्या 'लायसिस्ट्राटा'साठीं पिकासोनें सहा एचिंग्ज केलीं. त्यांतील हलकी, निःसंकोच रेषा ॲरिस्टोफेनीसच्या विनोदाला शोभते. पुढल्याच वर्षीं जॉइसचें 'युलिसीस' मातीसकडे गेलें आणि त्यानें डब्लिन सोडून होमरच्या 'ओडिसी'तले प्रसंग रेखाटले ! त्यांपैकीं २५० प्रतींवर जॉइसचीहि सही आहे. सह्या दोघांच्या एकत्र आल्या. पण त्या दोघांची भेट पुस्तकांत कोठेंच होत नाहीं. जें चित्र काढून भिंतीवर लाविलें तरी ग्रंथाचें कांहींच उणें होत नाहीं, तें त्या ग्रंथाचें चित्र नव्हे. येथें संग्राहकानें वाचकावर मात केली, असें आम्हांस स्पष्ट म्हणावेंसें वाटतें.

दुसरा प्रश्न संख्येचा. सुंदर छपाई १,५०० घरांपुरतीच राहिली, तर तिचा अभिरुचीला उपयोग किती ? याचें उत्तर मेसीनें स्वतःच दिलें. १९३५ सालीं त्यानें हेरिटेज प्रेस काढून सचित्र, नेटकीं पुस्तकें पुष्कळच कमी किंमतींत देण्यास आरंभ केला. आमच्या मतें क्लबच्या सह्यांपेक्षां हें काम मोठें.

क्रमांकामुळें पुस्तक दुर्मिळ होतें. चांगलें होतें तें टंक, समास आणि मजकूर यांच्या मेळामुळें. हा मेळ जमला म्हणजे दहा पानांनंतर छपाईचा विसर पडतो आणि लेखक तेवढा समोर उरतो. क्लबच्या ज्या पुस्तकांत असें घडतें तीं वाचकाचीं. बाकीचीं खुशाल कपाटांत राहावींत.