चौकोनातला सह्याद्री

फाइलचं नाव आहे एन१९ई०७३. १९ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्व या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो चौकोनाचा नैऋत्य कोपरा. तिथून एक अंश वर, एक अंश उजवीकडे. पत्ता एवढाच, पण या पत्त्यावर कोण कोण राहतं बघा. डाव्या अंगाला कल्याणची खाडी, उजव्या अंगाला जुन्नर आणि शिवनेरी, आणि दोघांच्या दरम्यान नाणेघाट. सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग बंदरापासून बाजारपेठेपर्यंत अख्खा या चौकोनात मावतो. वर इगतपुरी, कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, रतनगड, भंडारदऱ्याचं पाणी. त्याखाली हरिश्चंद्रगड आणि माळशेज. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटच्या क्रमवारीत याच चौकोनाला ४७ ई म्हणतात. मी भटक्यांसाठी या भागाचे नकाशे करतो. हा चौकोन इतक्या वेळा उघडलाय, की ऐकून ऐकून पाठ झालेल्या बंदिशीसारखी त्याची एकेक जागा आता ओळखीची झाली आहे. आज रसग्रहण करायचं आहे ते त्यातल्या उंचीच्या आकड्यांचं, आणि त्या आकड्यांच्या साफसफाईचं.

आकडे आले कुठून ते आधी सांगतो. ११ फेब्रुवारी २००० रोजी एंडेव्हर हे अंतराळयान उडालं आणि २२ तारखेला परतलं. यानाच्या पोटात एक रडार होतं आणि ६० मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला दुसरा अँटेना. दोन डोळ्यांनी पाहिल्यावर आपल्याला खोली कळते, त्याच न्यायाने दोन अँटेनांनी जमिनीची उंची मोजली. ६० अंश उत्तरेपासून ५६ अंश दक्षिणेपर्यंतची जवळजवळ सगळी जमीन त्या अकरा दिवसांत मोजून झाली. शटल रडार टोपोग्राफी मिशन हे त्या मोहिमेचं नाव. एक सेकंदाच्या, म्हणजे साधारण ३० मीटर अंतराच्या नोंदी २०१४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या, पण माझं प्रेम जुन्या, तीन सेकंदांच्या आवृत्तीवर आहे. तिच्यात दर ९० मीटरला एक आकडा. १२०१ ओळी, १२०१ स्तंभ, एकूण १४ लाख ४२ हजार ४०१ आकडे. प्रेमाचं कारण असं, की ही आवृत्ती जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणून सांगते.

सांगते ती एका विचित्र आकड्याने: उणे ३२७६८. दोन बाइटमध्ये बसणारी सगळ्यात लहान संख्या. रडारला जिथे जमीन दिसली नाही तिथे हा आकडा लिहायचा असा संकेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल बिंदू म्हणून आणली आणि हा संकेत सांगायचा राहिला, तर सह्याद्रीच्या मधोमध बत्तीस किलोमीटर खोल विहिरी तयार होतात. उंचीच्या रंगपट्टीत मग बाकी सगळा चौकोन एकाच रंगाचा होतो आणि कळसूबाई आणि कल्याणमधला फरक नाहीसा होतो. नवशिक्या माणूस पहिलं काम करतो ते हे बिंदू पुसून टाकण्याचं. माझं सांगणं आहे, थांबा. फक्त तेच बिंदू निवडा, त्यांना एक गडद रंग द्या आणि बाकीचे सगळे लपवा.

पडद्यावर जे उरतं ते पाहून मी पहिल्यांदा खुर्चीतून उठलो होतो. तुटक तुटक ठिपके, पण विखुरलेले नव्हेत. घाटाच्या पश्चिमेकडच्या कड्याखाली जमलेले, कुठे दाट कुठे विरळ, आणि मधूनच डोंगराच्या खाचांत शिरलेले. जे रडारला दिसलं नाही, त्याचंच चित्र. रडार तिरकं बघतं. कडा उभा असला की त्याच्या पायथ्याशी सावली पडते आणि त्या सावलीत काही उमटत नाही. म्हणून रिकाम्या जागांचा नकाशा हा उभ्या कड्यांचा नकाशा होतो. इतकी बोलकी चूक मी दुसऱ्या कुठल्या फाइलमध्ये पाहिलेली नाही.

आता या रिकाम्या जागा भरायच्या कशा? सॉफ्टवेअर एका क्लिकवर भरून देतं. आजूबाजूचे आकडे घेतं आणि मधे सरासरीची झोळी बांधतं. सपाट मुलखात हे चालून जातं. इथे एका बाजूचे आकडे असतात कड्याच्या माथ्यावरचे आणि दुसऱ्या बाजूचे असतात तळातल्या जंगलातले. त्यांना जोडलं की कड्याच्या जागी गुळगुळीत उतार तयार होतो. नकाशावर तो उतरण्याजोगा दिसतो, आणि संध्याकाळी वाट चुकलेला माणूस नकाशावर विश्वास ठेवून त्या दिशेला निघू शकतो. म्हणून अशी जागा मी टोपोशीटवरच्या समोच्च रेषांवरून भरतो. तिथेही खात्री नसेल तर ती रिकामी ठेवून वर कड्याची खूण काढतो.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी गोष्ट आणखी अवघड होते. आयात केलेल्या बिंदूंतले चुकार आकडे शोधायची नेहमीची युक्ती म्हणजे शेजाऱ्यांशी तुलना: जो बिंदू आसपासच्या बिंदूंपेक्षा अमुक मीटरहून जास्त वर किंवा खाली असेल, त्याला संशयित धरायचं. शंभर मीटरची मर्यादा घातली, तर गोदावरीच्या खोऱ्यात ही युक्ती अचूक काम करते. हरिश्चंद्रगडावर तीच मर्यादा कोकणकड्याचा ओठच कापून नेते, कारण तिथे माथ्यावरच्या बिंदूचा पश्चिमेकडचा शेजारी शेकडो मीटर खाली असतो. संगणकाच्या लेखी दोन्ही गोष्टी सारख्या, रडारची चूकही आणि सह्याद्रीतलं सगळ्यात देखणं स्थळही. त्या ओठाशी पालथं पडून ज्याने खाली डोकावलंय त्यालाच हा आकडा खरा असल्याचं कळतं. शिवाय कोकणकडा आत वळलेला आहे. माथा पुढे आणि पोट मागे. आकड्यांच्या अशा जाळीत एका जागेला एकच उंची लिहिता येते, म्हणून ते पोट कुठल्याच आकड्यात बसत नाही. साम्रदजवळची सांधणची घळ तर काही ठिकाणी इतकी अरुंद आहे, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. ९० मीटरच्या जाळीतून ती पूर्ण निसटते. या दोन जागांसाठी आकड्यांवर रागावण्यात अर्थ नाही. त्या हाताने काढाव्या लागतात.

आकडा खोटा असूनही खरा वाटतो, ती खरी धोक्याची जागा. या फाइलमध्ये मोठा बाइट आधी येतो. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने क्रम उलटा धरला, तर कळसूबाईचे १६४६ मीटर २८१६६ होतात. ही चूक लगेच डोळ्यांत भरते. पण त्याच उलट्या वाचनात उणे ३२७६८ चे होतात १२८. बत्तीस किलोमीटरची विहीर बघता बघता शहापूर तालुक्यातली एखादी टेकडी होऊन बसते. बाकीचे आकडे चक्रावून गेलेले असतात म्हणून ही चूक पकडली जाते. एकटा १२८ आला असता, तर मीही त्याला नमस्कार करून पुढे गेलो असतो.

जुन्या टोपोशीटवरून टिपलेले बिंदू या लेयरमध्ये मिसळताना अशीच एक जागा येते. टोपोशीटवर बांधाजवळ, ओढ्याच्या काठाशी किंवा तळ्यापाशी ५ किंवा ६ असा आकडा असतो आणि त्याला चिकटून इंग्रजी आर. ती त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची नसते. काठ आसपासच्या जमिनीपेक्षा इतके मीटर उंच किंवा खोल आहे, एवढंच तो आकडा सांगतो. टिपणाऱ्याने आर गाळला आणि ५ तेवढा उंचीच्या रकान्यात भरला, की जुन्नरच्या पठारावर समुद्राच्या जवळपास पोचणारा खड्डा पडतो. मला आलेल्या एका फाइलमध्ये असे खड्डे ओढ्यांच्या काठाने ओळीने पडले होते. ते ओळीत होते म्हणूनच उलगडा झाला. दुसऱ्या एका फाइलमध्ये उंचीचा रकाना अक्षरांचा होता. चढत्या क्रमाने लावल्यावर १०२० आधी आणि ९८ नंतर आलं, तेव्हा गोम कळली. जुन्या फुटांतल्या शीटवरून आलेला ५४०० हा कळसूबाईचा आकडा मीटरच्या रकान्यात बसला, तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मात्र काही आकडे वेडे दिसतात आणि शहाणे असतात. कल्याणच्या खाडीकाठी जीपीएसने घेतलेल्या काही नोंदी उणे साठीच्या घरात होत्या. कोकणात समुद्रसपाटीखाली साठ मीटर जमीन कुठून येणार, असं म्हणून त्या पुसायला मी निघालो होतो. सगळ्याच नोंदी सारख्याच खाली आहेत, हे दिसलं म्हणून हात आवरला. उपग्रहाचं यंत्र मुळात उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून. समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाशी सगळीकडे जुळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो शंभर मीटरहून जास्त खाली गेलेला आहे, आणि त्या खोलगटीचा उतार आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. त्या नोंदी बरोबर होत्या, फक्त वेगळ्या शून्यापासून मोजलेल्या. एका दुरुस्तीने सगळ्या जागेवर आल्या. आडव्या दिशेचाही असाच हिशोब असतो. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट नावाच्या वेगळ्या लंबगोलावर आखलेल्या आहेत. रूपांतर न करता बिंदू आणले, तर ते इथे शंभरेक मीटर बाजूला सरकतात. शेतात शंभर मीटरने काही बिघडत नाही, कड्यावर तेवढ्यात माथ्यावरचा बिंदू तळात पडतो.

दुहेरी बिंदूंबद्दल फार बोलत नाही. शेजारशेजारच्या दोन चौकोनांची काठावरची ओळ सामाईक असते, त्यामुळे दोन्ही आणले की १२०१ बिंदू दोनदा येतात. एक संच काढायचा, झालं.

खरी गोडी आहे उजेड फिरवण्यात. डोंगरांना छाया द्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ठरलेला उजेड येतो वायव्येकडून. त्या उजेडात घाटाचे पश्चिमेकडचे कडे चकाकतात आणि त्यांच्यावरचा चुकार बिंदू त्या चकाकीत लपतो. उजेड पूर्वेकडून टाका. कडे काळोखात जातात, आणि चुकलेला बिंदू अंगावर उठलेल्या पुटकुळीसारखा एका बाजूने उजळतो. तास-दीड तास मी उजेड फिरवत बसतो. या वेळात दख्खनच्या पठाराची घडणही दिसत जाते: लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेले, त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. कातळ, सपाटी, पुन्हा कातळ. म्हणूनच आकडे गुळगुळीत करणारा फिल्टर मी इथे कधीच वापरत नाही. खडबडीतपणा जातो खरा, पण त्याबरोबर पायऱ्याही जातात, आणि पायऱ्या नसलेला सह्याद्री हा सह्याद्री नव्हे.

शेवटची परीक्षा पाण्याची. साफ केलेल्या उंचीवर सॉफ्टवेअरकडून पाणी सोडायचं. रतनगडाच्या परिसरातून निघालेली प्रवरा भंडारदऱ्यातून पूर्वेला गेली पाहिजे. घाटमाथ्याच्या पलीकडचं पाणी कोकणात उतरलं पाहिजे. धारेवर एक चुकीचा बिंदू राहिला, तरी बंगालच्या उपसागराकडे जाणारा ओहोळ अरबी समुद्राकडे वळतो. पाणी बरोबर गेलं, की मगच नकाशावर छापायचे उंचीबिंदू निवडायला बसायचं. १४ लाखांतून एका शीटवर राहतात काही डझन. शिखरं, खिंडी, घाटवाट जिथे माथ्याला लागते ती जागा, गावाचा फाटा. इथे रडारचा आकडा तसाच छापू नये. टोकदार माथ्यावर ९० मीटरचा चौरस आजूबाजूचा उतारही पोटात घेतो आणि शिखर सहसा काही मीटरने बुटकं करतो. कळसूबाईला १६४६ हाच मोजणीचा आकडा शोभतो.

या चौकोनात तुम्ही भटकत असाल आणि उंचीच्या नोंदी घेत असाल, तर एक विनंती आहे. आकड्याशेजारी यंत्र कोणतं, उंची समुद्रसपाटीपासूनची की लंबगोलापासूनची, आणि तुम्ही नेमके कुठे उभे होतात, हे लिहा. कड्यापासून चार पावलं आत की अगदी ओठावर, हेसुद्धा लिहा. आणि एखादा बिंदू पुसावासा वाटला, तर मूळ फाइल वेगळी जपून मगच पुसा.