वेषांतराविना हेर

अमेरिकेत केबल दूरचित्रवाणीसाठी अल्प खर्चात निघणाऱ्या शृंगारिक चित्रपटांविषयी लिहिणे म्हणजे लेखणी विटाळणे होय, असे मानणारे रसिक आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. एखाद्या कृतीने स्वतःसाठी जे नाव घेतले त्यास ती जागली की नाही, एवढे पाहण्याचा अधिकार समीक्षेस असतोच.

फ्रेड ओलेन रे या दिग्दर्शकाच्या 'द गर्ल फ्रॉम बी.आय.के.आय.एन.आय.' (२००७) या चित्रपटाने नाव घेतले ते विडंबनाचे. १९६६-६७ मधील 'द गर्ल फ्रॉम यू.एन.सी.एल.ई.' या अमेरिकन हेरमालिकेच्या शीर्षकाची ती उघड नक्कल आहे. पुढील वर्षी त्याच दिग्दर्शकाचा 'बिकिनी रोयाल' आला. त्याचा रोख इयान फ्लेमिंगच्या १९५३ मधील 'कसिनो रोयाल' या कादंबरीकडे व तीवरील २००६ च्या चित्रपटाकडे होता, हे निराळे सांगावयास नको.

अशा चित्रपटांच्या दारिद्र्यास हसणे सोपे आहे. परंतु दोष तेथे नाही. १९६७ साली याच 'कसिनो रोयाल'चे विडंबन पाच दिग्दर्शकांनी मिळून केले. त्यावर अफाट पैसा ओतला गेला, आणि तरीही चित्रपट विस्कळीतच राहिला. उलट १९६५ साली सुरू झालेल्या 'गेट स्मार्ट' या मालिकेतील एक साधी युक्ती पाहा. गुप्त खलबतासाठी दोघे अधिकारी एका पारदर्शक घुमटाखाली बसतात आणि एकमेकांचेच बोलणे त्यांना ऐकू येत नाही! 'गोपनीय' शिक्क्याच्या लखोट्यातील मजकूर साहेबांच्या आधी शिपायास ठाऊक असतो, हे जाणणाऱ्या आमच्या सरकारी नोकरीतील वाचकांस या विनोदाचे मर्म उलगडून सांगण्याची गरज नाही. तो विनोद गुप्ततेच्या गाभ्यालाच हात घालतो.

हेराची कला लपविण्याची, तर या चित्रपटांचा धंदा उघडे करण्याचा. वस्तुतः या विरोधातच उत्तम प्रहसनाचे बीज होते. ज्याने सर्व काही लपवावे त्यालाच घटकेघटकेला वस्त्रे उतरवावी लागतात, ही केवढी फजिती! परंतु या जातीच्या चित्रपटांत ती फजिती होतच नाही. कारण पात्रांजवळ लपविण्याजोगे काही नसतेच. कथानक प्रणयप्रसंगापाशी येऊन थांबते, प्रसंग संपला की पुन्हा चालू लागते, आणि मधल्या काळात त्या बिचाऱ्या गुप्त कामगिरीची कोणासही आठवण राहत नाही. विनोद गतीवर जगतो. येथे त्याला वारंवार दाराबाहेर तिष्ठत ठेवले जाते.

म्हणून आमचा आक्षेप नीतीचा नाही, कलेचा आहे. शृंगारालाही आडपडदा हवा असतो, हेरगिरीलाही हवा असतो. ज्याने पडद्याचे महत्त्वच ओळखले नाही, त्याच्या हातून शृंगार फिका पडतो आणि विडंबनही पोरके होते.